देवयानी दीर्घिकेतले नवतारे : कोल्हापूरच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर

दसरा झाला आणि पावसानं अखेर काढता पाय घेतला. आज दुर्बीण शेडमधून बाहेर काढून खांबावर चढवली. जागा गेल्या हंगामातलीच, पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठाराच्या अंगाला असलेलं आबांचं शेत. कोल्हापूर शहराचा उजेड इथून आग्नेयेला राहतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, आपल्या अक्षांशावरून उत्तरेच्या बाजूनं वर चढते आणि सुमारे ६५ अंश उंचीवर यामोत्तर वृत्त (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते. त्यामुळे शहराचा उजेड तिच्या वाटेत येत नाही. वारणा खोऱ्याकडून थोडा येतो, पण तो क्षितिजालगतच थांबतो.

साधनं नोंदवून ठेवते. २०० मिमी व्यासाची, ८०० मिमी नाभीय अंतराची न्यूटनियन दुर्बीण, तिला थंड करता येणारा कृष्णधवल कॅमेरा. एका पिक्सेलमध्ये आकाशाची साधारण एक विकला बसते (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). एका चौकटीत सुमारे १ अंश ४० कला गुणिले १ अंश ७ कला एवढा तुकडा मावतो. देवयानी तीन अंशांहून लांब आहे, म्हणून दोन चौकटी ठरवल्या आहेत, एक ईशान्येची आणि एक नैर्ऋत्येची. दोन्हींत दीर्घिकेच्या मध्याचा दाट ताऱ्यांचा फुगवटा येतो, कारण बहुतेक नवतारे, म्हणजे अचानक भडकून नंतर मावळणारे तारे, तिथंच दिसतात. खांबाचा लोखंडी पाया आणि फोकसरची कडी आमच्यातल्या दादांनी लेथवर स्वतः काढली. ते शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करतात. यंदा कडी आणखी घट्ट बसवली आहे. तापमान उतरलं तरी फोकस आता कमी सरकतो.

काम काय, तेही एकदा लिहिते. प्रत्येक निरभ्र रात्री याच दोन चौकटी घ्यायच्या, त्यांतून जुनी प्रतिमा वजा करायची आणि नवा ठिपका आहे की नाही ते लिहायचं. नसेल तर कुठल्या प्रतीपर्यंत नाही, तो मर्यादेचा आकडा लिहायचा. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद.) हा दुसरा रकाना रिकामा सोडायचा नाही.

१९ ऑक्टोबर

कोजागरी होऊन तीन दिवस झाले, चांदणं अजून जोरात आहे. घरीच बसून संदर्भ प्रतिमा, म्हणजे वजाबाकीसाठीची जुनी प्रतिमा, तयार केली. गेल्या डिसेंबर-जानेवारीतल्या चौकटींमधून ज्यांत तारे सर्वांत बारीक उमटले होते, तेवढ्याच निवडल्या. आमच्या गटातल्या एमएस्सीच्या दोन्ही मुलांनी (एक मुलगा, एक मुलगी) प्रत्येक चौकटीत ताऱ्याची रुंदी मोजून यादी केली आणि तीन विकलांच्या वरच्या सगळ्या बाजूला काढल्या.

संदर्भ प्रतिमा रोजच्या प्रतिमेपेक्षा सरस असावी लागते. वजाबाकी करताना बारीक ताऱ्यांची प्रतिमा पसरवून जाड करता येते, उलटं करता येत नाही.

२८ ऑक्टोबर

हंगामातली पहिली पूर्ण काळोखी रात्र. यामोत्तर गमन रात्री ११च्या थोडं आधी होतं. ईशान्य चौकटीत ९० सेकंदांच्या ४० प्रतिमा, नैर्ऋत्येत तेवढ्याच. दर दोन प्रतिमांनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवली. असं केलं की कॅमेऱ्याचे बिघडलेले पिक्सेल दर वेळी आकाशाच्या वेगळ्या जागी पडतात आणि सरासरीत गळून जातात. वैश्विक किरणांचे ठिपकेही एकाच प्रतिमेत असतात, तेही जातात. उपग्रहांच्या रेघा भरपूर होत्या, त्याही.

वजाबाकीची प्रतिमा पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळात टाकते, म्हणून मुलांना आज स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. दीर्घिका जवळजवळ नाहीशी होते आणि करडा सपाट पडदा उरतो. त्यावर जे ठिपके दिसतात ते तीन प्रकारचे. ज्याच्या एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी कोर आहे, तो खरा बदल नव्हे. दोन प्रतिमा तिथं अर्धा पिक्सेल सरकून जुळल्या आहेत. ज्याभोवती कडी उमटली आहे, तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा ठळक तारा, कॅमेऱ्यात ओतू जाऊन वजा न झालेला. तिसरा प्रकार म्हणजे गोल, सगळीकडून सारखा उतरत जाणारा ठिपका, आणि त्याची रुंदी त्या रात्रीच्या शेजारच्या ताऱ्यांएवढीच. फक्त या तिसऱ्यासाठी थांबायचं. फुगवट्याच्या अगदी केंद्रात मात्र काहीच ठरवता येत नाही. तिथं मूळ उजेडच इतका असतो की वजाबाकीनंतर नुसती खरखर राहते. केंद्रापासून अर्ध्या कलेच्या आतला भाग आम्ही झाकून ठेवतो आणि नोंदीत तसं लिहितो.

आज तिसऱ्या प्रकारचं काही नाही. मर्यादा १८.६ प्रत, फुगवट्यात १७.५.

आबा झोपायच्या आधी चहा घेऊन आले. "काय गावलं काय, बाई?"

"नाही, आबा."

"मग मघापासनं लिवताय काय?"

"नाही गावलं, तेच लिहितेय."

ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या शेतकी गटाच्या हापिसात पर्जन्यमापक हुता. पाऊस न्हाई पडला त्या दिवशी बी शून्य लिवायला लावायचे. कोरं ठेवलं की सायेब म्हणायचा, तू आलाच न्हाईस."

मी मुलांना हे वहीत लिहून घ्यायला सांगितलं. रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या प्रकल्पाचा अर्धा जीव त्या फरकात आहे.

२ नोव्हेंबर

पाडवा. फटाक्यांचा धूर खोऱ्यात बसलाय. वीस प्रतिमा घेऊन थांबलो. मर्यादा १७.४, नवा ठिपका नाही.

६ नोव्हेंबर

नैर्ऋत्य चौकटीत ठिपका!

चंद्रकोर नऊच्या सुमारास मावळली आणि हवा स्थिर होती. केंद्रापासून पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे १५ कला अंतरावर गोल, बारीक, तिसऱ्या प्रकारचा ठिपका दिसला. प्रत १८.५, म्हणजे आमच्या मर्यादेच्या उंबऱ्यावरच. प्रतिमांचे दोन गट करून वेगवेगळी बेरीज केली, तर दोन्हींत तो जागच्या जागी. कॅमेऱ्याचा दोष असता तर एका गटात तरी गायब झाला असता.

मग नेहमीची चाळणी लावली. लघुग्रह आहे का? देवयानी क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, ३३ अंशांवर आहे, तिथं लघुग्रह क्वचित येतो. तरी लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर वेळ आणि जागा घालून पाहिलं, कुणी नाही. दोन तासांत ठिपका सरकलाही नाही. आपल्या आकाशगंगेतला एखादा भडकणारा लाल बटू, म्हणजे छोटा थंड तारा? तो असता तर तासाभरात उतरला असता. शेवटी जागेचे अंक सिंबाद या ताऱ्यांच्या ऑनलाइन सूचीत टाकले आणि एमएस्सीच्या मुलीनं मोठ्यानं वाचलं, "एम ३१ व्ही १."

हा हबलचा तारा. १९२३च्या ५-६ ऑक्टोबरच्या रात्री एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून ४५ मिनिटांची प्लेट घेतली. तेही नवतारेच शोधत होते. त्यांनी काचेवर तीन ठिकाणी शाईनं 'एन' लिहिलं, नोव्हाचा, म्हणजे नवताऱ्याचा. पुढं जुन्या प्लेटी ताडून पाहताना त्यातला एक ठिपका कधी ठळक कधी मंद असा आलटून पालटून सापडला. तो रूपविकारी तारा होता, सेफीड जातीचा. हबलनी 'एन' खोडला आणि 'व्हीएआर' (व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी) लिहून पुढं उद्गारचिन्ह दिलं. सेफीडचा काळ माहीत असला की त्याचं खरं तेज कळतं आणि त्यावरून अंतर निघतं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, ती स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्या एका खोडलेल्या अक्षरानं ठरलं. बाकीचे दोन 'एन' मात्र नवतारेच होते.

व्ही १चा फेरा ३१.४ दिवसांचा आहे. आमच्या संदर्भ प्रतिमेत तो मंद अवस्थेत पडला असणार आणि आज चढावर आहे, म्हणून वजाबाकीत उरला. आठ इंची आरशातून, पन्हाळ्याच्या कुशीतून तो तारा आपल्या हाताला लागला, याचा मला शब्दांत न मावणारा आनंद झालाय. दादांनी प्रतिमा छापून घेतली. व्ही १ आता आमच्या ओळखीच्या ताऱ्यांच्या यादीत गेला. यापुढं तो दिसला की संगणक आधीच नाव सांगेल.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. दुर्बीण झाकून ठेवली आहे, वाचन आणि यादीचं काम.

कॉलेजात एकीनं विचारलं की नवतारे आपल्या आकाशगंगेतही होतात, मग पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर कशाला बघायचं? प्रश्न रास्त आहे. आकाशगंगेत आपण आत बसलो आहोत. धूळ आडवी येते आणि प्रत्येक ताऱ्याचं अंतर वेगळं काढावं लागतं. देवयानीतले सगळे नवतारे आपल्यापासून व्यवहारात एकाच अंतरावर आहेत. इथं जो जास्त ठळक दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी असतो (धुळीचा भाग सोडून). दृश्य प्रतीतून २४.४ वजा केले की निरपेक्ष प्रत, म्हणजे खऱ्या तेजाचा आकडा, मिळते. एवढं सोपं गणित आकाशगंगेतल्या नवताऱ्यांसाठी कधीच नसतं.

मुलांसाठी मूळ प्रक्रियाही वहीत लिहून काढली. जोडताऱ्यातला एक श्वेत बटू असतो, म्हणजे पृथ्वीएवढ्या आकारात सूर्याच्या जवळपास वस्तुमान. शेजारी ताऱ्याकडून हायड्रोजन त्याच्यावर साचत जातो. तळाशी तो इतका दाबला जातो की त्याचा दाब तापमानावर अवलंबून राहत नाही. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की थंड होतो. इथं तसं होत नाही. तापमान वाढतं, अणुसंमीलन वेगावतं, तापमान आणखी वाढतं, आणि सूर्याच्या वस्तुमानाच्या एक लक्षांश ते दहा हजारांशाएवढा थर सेकंदाला शेकडो-हजारो किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातो. तारा मात्र टिकतो. अतिनवताऱ्यात ताराच फुटतो, त्याच्यापासून हा मोठा फरक. १८८५ साली देवयानीत दिसलेला एस अँड्रोमिडी त्या काळी नवतारा मानला गेला. तो खरं तर अतिनवतारा होता, पण नवतारा मानल्यामुळे देवयानीचं अंतर अनेकांनी फार कमी धरलं होतं.

श्वेत बटू टिकतो म्हणून खेळ पुन्हा मांडला जातो, बहुधा हजारो वर्षांनी. पण एम३१एन २००८-१२ए हा तारा जवळजवळ दर वर्षी भडकतो. त्याचा श्वेत बटू सूर्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणजे कोसळण्याच्या मर्यादेला टेकलेला. त्याला थोडाच थर पुरतो. तो आमच्या ईशान्य चौकटीत आहे. कमाल प्रत साधारण साडेअठरा आणि दोन दिवसांत दोन प्रती खाली. आम्हाला तो दिसलाच तर एखादी रात्र दिसेल. रोज त्या जागेची वेगळी नोंद ठेवतो आहोत.

वर्षाला देवयानीत साधारण ६५ नवतारे होत असावेत, असा खगोलज्ञ डार्नली आणि सहकाऱ्यांचा २००६चा अंदाज आहे. प्रत्यक्षात नोंदले जातात त्याच्या अर्ध्याच्या आसपास. उरलेले जातात कुठं? काही धुळीआड, काही फुगवट्याच्या उजेडात, आणि बरेच दोन निरीक्षणांच्या मधल्या फटीत. खगोलज्ञ मानसी कासलीवाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पॅलोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीतून जवळजवळ रोज देवयानी पाहिली, तेव्हा मंद असूनही भरकन उतरणारे नवतारे सापडले. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. तोवरचा समज असा की जो जितका तेजस्वी तितका लवकर उतरतो. मंद आणि चपळ असे नवतारे आधीही होत असतील, फक्त आठवड्यातून एकदा बघणाऱ्याला ते दिसत नव्हते.

इथं आपल्या रेखांशाचं महत्त्व येतं. जपान आणि चीनमधल्या निरीक्षकांची रात्र आपल्या आधी सुरू होते, युरोपची आपल्यानंतर. मधले तास आपले. लडाखमध्ये हानले इथं ग्रोथ-इंडियाची ०.७ मीटरची दुर्बीण आहेच, पण तिला अनेक कामं असतात. देवयानीवर रोज नजर ठेवायला छोटी दुर्बीणही पुरते.

आणखी एक प्रकरण मुलांना आवडलं. शारोव २१ नावाचा एक 'नवतारा' १९९२ साली देवयानीत भडकलेला दिसला होता. २०१० साली सिद्ध झालं की तो देवयानीच्या कितीतरी मागे असलेला क्वासार, म्हणजे दूरच्या एका दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा आहे, त्या काळात उजळलेला. जुन्या प्लेटींवर तो मंद स्वरूपात आधीपासून होता. म्हणून आमच्या चाळणीत एक पायरी वाढवली. ठिपक्याच्या जागी पॅन-स्टार्स आणि गाया या आकाशाच्या दोन मोठ्या सर्वेक्षणांत आधीपासून काही आहे का, ते बघायचं. नवतारा शांत असताना देवयानीच्या अंतरावर तिथं दिसत नाही. तिथं आधीच लालसर तारा असेल, तर मायरासारखा दीर्घकालीन रूपविकारी असण्याची शक्यता जास्त.

२३ नोव्हेंबर

गळीत हंगाम सुरू झाला. खालच्या अंगाला गुऱ्हाळं पेटली आहेत आणि तोडणी झालेल्या फडांत पाचट जाळतात. संध्याकाळी धुराचा पट्टा पठाराच्या खालीच अडकून राहतो. तो वर येईपर्यंत दोन तास मिळतात. म्हणून आता अंधार पडताच सुरुवात. नवा ठिपका नाही. मर्यादा १८.१.

२६ नोव्हेंबर

सुंदर हवा. ताऱ्याची रुंदी २.४ विकला, यंदाची सर्वांत बारीक. दोन्ही चौकटी पूर्ण. २००८-१२एच्या जागी काही नाही, १८.७पर्यंत. फुगवट्याच्या कडेला १८.०पर्यंत काही नाही. नैर्ऋत्येत व्ही १ पुन्हा मंद झालाय, दिसत नाही. रात्री ९.४०ला शेवटची प्रतिमा.

२७ नोव्हेंबर

फुगवट्याच्या कडेला, केंद्रापासून आग्नेयेला साधारण तीन कलांवर ठिपका आहे. १७.२ प्रत. दोन्ही चौकटींत, दोन्ही गटांत, गोल, २.६ विकला रुंद, शेजारच्या ताऱ्यांएवढाच.

हा यंत्राचा नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. तरी चाळणी पूर्ण लावली. लघुग्रह नाही. दोन तास जागेवर स्थिर. गायात त्या जागी काही नाही. पॅन-स्टार्समध्ये एक विकलेच्या आत काही नाही. रूपविकारींच्या यादीत नाही. काल रात्रीची प्रतिमा शेजारी उघडून ठेवली. तोच तुकडा, उजळपणा तेवढाच ठेवून. तिथं फुगवट्याची उतरती करडी छटा आहे, बाकी काही नाही. आज त्याच छटेवर टोकदार पांढरा ठिपका. मुलगी दोन प्रतिमा एकाआड एक चालू-बंद करत बसली होती. तिला थांबवावंसं वाटेना.

नोंद पाठवण्याआधी ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर, म्हणजे आकाशात नव्यानं दिसलेल्या ठिपक्यांच्या जागतिक नोंदवहीत, पाहिलं. आजच, आमच्या काही तास आधी, पूर्वेकडच्या निरीक्षकांनी तो जाहीर केला आहे. पहिला शोध त्यांचा. मुलगा जरा हिरमुसला. मग मी त्याला त्या नोंदीतला दुसरा रकाना दाखवला, 'शेवटची अदृश्य नोंद'. त्यांच्याकडे मध्ये ढग होते, म्हणून त्यांची शेवटची रिकामी प्रतिमा २४ तारखेची. म्हणजे तारा २४ ते २७ या तीन दिवसांत कधीतरी भडकला, एवढंच त्यांना सांगता येत होतं. आमच्याकडे २६च्या रात्री ९.४०पर्यंतची कोरी जागा आहे, १८.० प्रतीपर्यंत कोरी. तीन दिवसांची फट एका दिवसाच्या आत आली. चढाव किती तासांचा होता, कमाल तेज कधी आलं, त्यानंतर किती दिवसांत किती उतरला, हे सगळे आकडे त्या सुरुवातीच्या वेळेवर उभे राहतात. ती वेळ आता आपल्या काहीच न दिसलेल्या प्रतिमेवरून ठरते.

आमचं मापन आणि कालची मर्यादा, दोन्ही पाठवली. मुलाकडूनच भरून घेतलं.

आबांना झोपेतून उठवून दाखवलं. ते म्हणाले, "काल न्हवता?"

"काल नव्हता."

"ते लिवलंय न्हवं?"

लिहिलंय.

२९ नोव्हेंबर

१६.४ प्रत. २४.४ वजा केले की निरपेक्ष प्रत उणे ८.०. सूर्याची ४.८ धरली तर सूर्याच्या लाखपटीहून जास्त तेज, आणि तेही धुळीचा हिशेब न करता. काल ढग होते, म्हणून कमाल काल होती की आज, ते आमच्या एकट्याच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पॅलोमारच्या झेडटीएफ या सर्वेक्षणाच्या सार्वजनिक नोंदी आल्या की जोडू.

एक तांत्रिक गोष्ट पुढच्यांसाठी. फुगवट्यात मूळ प्रतिमेवर प्रत मोजू नये. तिथली पार्श्वभूमी एका बाजूला उतरती असते आणि मापन दर वेळी एकाच दिशेनं चुकतं. वजाबाकी केलेल्या प्रतिमेवर मोजावं आणि तुलनेचे तारे मूळ प्रतिमेतून, गायाच्या जी पट्ट्यातल्या प्रती घेऊन वापरावेत.

३ डिसेंबर

आज हायड्रोजन-आल्फाचा फिल्टर लावला. मुलं पहिल्याच रात्री लावा म्हणत होती. पण सुरुवातीला नवताऱ्याचं कवच दाट असतं आणि त्याचा प्रकाश साध्या ताऱ्यासारखा अखंड पट्ट्यात येतो. कमाल ओलांडल्यावर कवच विरळ होतं आणि हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा जोरात उजळते. म्हणून सहा दिवस थांबलो.

फिल्टर ७ नॅनोमीटर रुंदीचा आहे. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किमी वेगानं येते आहे, त्यामुळे रेषा ०.६६ नॅनोमीटर निळ्याकडे सरकते. नवताऱ्याचं कवच एक हजार किमीच्या आसपास वेगानं पसरत असेल तर रेषा चारेक नॅनोमीटर रुंद होते. दोन्ही मिळूनही फिल्टरच्या आत बसतं. हे गणित मुलीनं फळ्यावर स्वतः मांडलं आणि मग फिल्टर स्क्रू केला.

१८० सेकंदांच्या २० प्रतिमा. दीर्घिकेचा बहुतेक उजेड गळून गेला, फुगवटा फिकट झाला आणि आमचा ठिपका त्यात सर्वांत ठळक! बिनफिल्टर प्रतिमेत त्याच्याएवढे दिसणारे आसपासचे तारे इथं जेमतेम दिसतात. एखादा मायरा किंवा सेफीड असा वागत नाही. पक्की खात्री वर्णपटानंच होते, आणि तो आमच्या दुर्बिणीच्या आवाक्यातला नाही. पण आमच्या आवाक्यात याहून भक्कम पुरावा नाही.

९ डिसेंबर

१७.९. अर्धा चंद्र वर असताना घेतलं, त्रुटी ०.१. मोठ्या दुर्बिणीवरच्या गटाचा वर्णपट जाहीर झाला आहे. हायड्रोजनच्या रुंद तेजोरेषा आणि आयनित लोहाच्या रेषा, म्हणजे लोह वर्गाचा नवतारा. देवयानीत बहुसंख्य याच वर्गाचे असतात.

झेडटीएफचे बिंदू जोडल्यावर कमाल २९च्या आमच्या मापनाच्या आसपासच बसते. तिथपासून दहा दिवसांत दीड प्रत उतरला. या गतीनं दोन प्रती उतरायला साधारण १३ दिवस लागतील, म्हणजे जलद वर्ग. खगोलज्ञ पेन-गॅपोश्किन यांच्या वर्गवारीत ११ ते २५ दिवसांचा. चढावाला मात्र दोन-तीन दिवसच लागले, आणि ते आपण २६च्या कोऱ्या प्रतिमेमुळे ठामपणे म्हणू शकतो.

१४ डिसेंबर

दत्तजयंती, पूर्ण चंद्र. दादा नृसिंहवाडीला गेलेत.

आज हंगामातल्या सगळ्या रिकाम्या रात्रींचा तक्ता केला. तारीख, पहिल्या-शेवटच्या प्रतिमेची वेळ, चौकट, मर्यादा, फुगवट्यातली मर्यादा, झाकलेला भाग. मुलानं विचारलं की सापडलेला नवतारा एकच, मग तक्त्यात एवढ्या ओळी कशाला? वर्षाला ६५ हा आकडा ज्यांनी काढला, त्यांना आधी हेच ठरवावं लागलं होतं की आपल्या प्रतिमांत कुठल्या तेजाचा नवतारा किती दिवस दिसला असता. रिकाम्या रात्रीची मर्यादा लिहिलेली नसेल तर सापडलेल्यांच्या संख्येवरून काहीच काढता येत नाही. त्यानं मग मर्यादा मोजायची पद्धतही तक्त्याखाली लिहिली. प्रतिमेत ठरावीक प्रतीचे खोटे तारे पेरायचे आणि निम्मे परत सापडतात ती प्रत धरायची. फुगवट्यासाठी वेगळी पेरणी. मला हे त्याच्याकडून आलेलं फार आवडलं.

२६ डिसेंबर

अंधार पडताच देवयानी माथ्याच्या उत्तरेला. बिनफिल्टर प्रतिमेत नवतारा आता नाही, फुगवट्यात १८.१पर्यंत नाही. हायड्रोजन-आल्फात अजून स्पष्ट आहे. पुढच्या हंगामात संदर्भ प्रतिमेशेजारी एक हायड्रोजन-आल्फा संदर्भही ठेवायचा. फुगवट्यात उशिरा पोचलो तरी त्यातून नवतारे सापडतील.

देवयानी आटोपल्यावर रात्र उरते, म्हणून आजपासून एम ३३ही घेतोय. अंतर थोडं जास्त, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं; फुगवटा जवळजवळ नाही, त्यामुळे वजाबाकी स्वच्छ येते. पण तिथं नवतारे कमी, वर्षाला दोन-तीन. तेजस्वी निळे रूपविकारी आणि तांबडे महाराक्षसी तारे भरपूर आहेत, ते आधी यादीत घालावे लागतील. मुलीनं यादी सुरू केली आहे.

एम ३३, पहिली रात्र. ९० सेकंदांच्या ४० प्रतिमा, रात्री ८.५५ ते १०.१०. संदर्भ अजून नाही, म्हणून पॅन-स्टार्सशी डोळ्यांनी ताडलं. नवा ठिपका नाही. मर्यादा १८.५. २००८-१२एच्या जागी आजही काही नाही, १८.६.